यादीत नसलेली भीमथडी

घोड्यांच्या पैदाशीचा एक ऑनलाइन खेळ मी बरेच दिवस खेळते आहे. दौंड-पुणे गाडीत बसायला जागा मिळाली की फोन बाहेर येतो. खेळातल्या शर्यतींत मला रस नाही. नर निवडायचा, घोडी निवडायची, शिंगरू कसं निपजतं ते पाहायचं, हवं ते ठेवून पुढची पिढी काढायची, एवढंच मी करते. ठरवलेले गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकले तर खेळ नव्या जातीची नोंद करू देतो. बहुतेक खेळाडू उंच, सोनेरी, लांब आयाळीचा घोडा काढतात. मी भीमथडी काढायला घेतली. यादीत अरबी होता, मारवाडी होता, आमची भीमथडी तेवढी नव्हती.

माझं सासर दौंडचं, माहेर शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडे. एकीकडे भीमा, दुसरीकडे घोड, आणि मधल्या पट्ट्यात घोड्यांचा इतिहास जागोजाग. मराठी फौजांच्या काळात इथल्या तट्टांचा अरबी आणि तुर्की घोड्यांशी संकर होऊन ही जात आकाराला आली. फार उंच नाही, पण काटक. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी. पुढे इंग्रजांनी शिरूरला छावणी टाकली आणि ‘पूना हॉर्स’च्या सुरुवातीच्या काळातलं घोडदळही तिथेच होतं. १८८५ सालच्या पुणे गॅझेटियरमध्ये आलेगावच्या सरकारी पैदास केंद्राची नोंद सापडते. शिरूर तालुक्यातल्या त्या गावाला आजही आलेगाव पागा म्हणतात. महाराष्ट्राचं राज्यगीत म्हणणारं प्रत्येक शाळकरी पोर या घोड्याचं नाव घेतं. त्यातल्या किती जणांनी तो पाहिलेला असतो, हा प्रश्न वेगळा.

खेळाने मला आनुवंशिकता शिकवली, हे मान्य करायला हवं. दहावीच्या पुस्तकातलं मेंडेलचं कोष्टक परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते इथे कामाला आलं. तांबडा नर आणि तांबडी घोडी यांचं शिंगरू तांबडंच होणार, कारण तो रंग दबका आहे आणि दोघांकडे देण्यासारखं दुसरं काही नाही. कुमैत जोडीच्या पोटी मात्र तांबडं शिंगरू येऊ शकतं. वयाबरोबर पांढरा होत जाणारा घोडा हवा असेल तर आईबापांपैकी एक तरी तसा लागतो. जवळच्या नात्यात पैदास केली की गुण लवकर पक्के होतात आणि दोषही. हे सगळं मी बोटाने पडदा सरकवत शिकले.

मग पावसाळ्यात माहेरी गेले. पाऊस लागला की धनगरांचे वाडे कोकणातून देशावर परततात. आमच्या रानात दरवर्षी एक वाडा बसतो. त्यातल्या म्हाताऱ्या नानांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांच्या घोडीला तेव्हा नुकतंच शिंगरू झालं होतं, काळंभोर. मी मोठ्या जाणकारीने म्हणाले, “नाना, काळं झालं की!”

“काळं कुठलं? पांढरं व्हणार हाय ते,” नाना म्हणाले. “डोळ्याच्या कडंला बघ, पोरी.”

मी वाकून पाहिलं. पापणीभोवती पांढऱ्या केसांची बारीक कड होती, राखेचं बोट फिरवल्यासारखी. खेळात जी गोष्ट कळायला मी जनुकांच्या तपासणीचा तक्ता उघडते, ती नानांनी दुरून सांगितली होती. पण एवढं सगळं ठाऊक असून रंगाशी त्यांना फारसं घेणं नव्हतं. त्यांनी शिंगराचे भोवरे पाहिले, कारण भोवरा वाईट ठरला की बाजारात भाव पडतो. मग खूर पाहिले, छाती पाहिली, आणि शेवटी म्हणाले, “आईवर गेलं म्हंजी झालं.”

आईवर जाणं म्हणजे काय, ते दोन दिवसांनी वाडा उठला तेव्हा कळलं. घोडीच्या पाठीवर आधी घोंगडं पडलं. दोन्ही अंगांना धान्याची पोती बांधली. त्यावर मेंढरं कोंडायची वाघर, पालाचं कापड, भांडी. एका बाजूला पाय बांधलेल्या कोंबड्या, दुसऱ्या बाजूला झोळीत कालच जन्मलेली दोन कोकरं. सगळ्यात वर नानांचा पणतू बसवला. भांडी खडखडत होती, कोंबड्या फडफडत होत्या, कुत्री पायात घोटाळत होती. घोडीने कान तेवढे हलवले. पाय जागचा हलवला नाही. लगामाला कोणाचा हात नव्हता.

माझ्या खेळात स्वभावाला एक आकडा असतो. तो वाढवून काहीच जिंकता येत नाही, म्हणून सगळे खेळाडू वेग आणि उडी यांच्यामागे लागतात. इथे उलट होतं. ओझं पाहून उधळणारं जनावर नाना पहिल्या बाजारात विकून टाकतात, आणि वाड्यातल्या पुढच्या पिढीत त्याचं रक्त येत नाही. त्यांच्या बापाने तेच केलं, आज्यानेही तेच. कोणी कागदावर काही लिहिलं नाही, पण निवड काटेकोर होती. भीमथडी जी टिकली ती अशी, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाखाली.

या निवडीला सरकारी शिक्का मिळायला मात्र उशीर झाला. २०२३ संपून २०२४ लागताना भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी देशात घोड्यांच्या सातच जाती नोंदलेल्या होत्या: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी आणि भुतिया. नोंद करतं कर्नालचं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो. घोड्यांवरचं संशोधन चालतं हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात. बारामतीचे रणजित पवार आणि भीमथडी अश्वपालकांच्या संघटनेने त्यासाठी पाठपुरावा केला. सगळं दक्खनी टट्टू एकच, असं समजणाऱ्यांना आता कागदावर उत्तर आहे.

कागदाने पोट मात्र भरत नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एकच शिंगरू देते. खेळात नको असलेलं शिंगरू मी एका बटणावर काढून टाकते. नानांना त्याला चारा घालावा लागतो. वाड्याचं अर्धं सामान आता नातवाच्या पिकअपमधून जातं, म्हणजे घोडीचं मूळ कामच कमी झालं. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळायला घोडी लागते, पण तिथे वेगाला मोल. वरातीला उंची आणि रंग पाहिजे. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात उंच जनावराकडे गिऱ्हाईक आधी वळतं. म्हणून नानांच्या नातवाने यंदा धाकटी घोडी मारवाडी नराला दाखवली. “उंच झालं तर चार पैसे जास्ती येतील,” तो म्हणाला. त्याचा हिशेब बरोबर आहे. त्याच हिशेबाने शंभर वाडे चालले तर दोन-तीन पिढ्यांत जात पातळ होईल, हेही तितकंच बरोबर आहे.

माझी खेळातली भीमथडी अजून नोंदीपर्यंत पोचलेली नाही. ती पोचेल, कारण तिला खायला घालावं लागत नाही. खऱ्या भीमथडीसाठी दोन गोष्टी लागतील. पहिली, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात चांगला भीमथडी नर परवडेल अशा दरात मिळाला पाहिजे आणि प्रत्येक शिंगराची वंशावळ लिहून ठेवली गेली पाहिजे. दुसरी आपल्या हातात आहे. पुण्याच्या आसपास घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळा वाढताहेत. लहान मुलाला शिकायला बुटकं, शांत, गोंगाटाला न बिचकणारं जनावर लागतं. तुमच्या मुलाला अशा शाळेत घालणार असाल तर तिथे भीमथडी आहे का, एवढं जरूर विचारा. विचारणारे वाढले तर नानांचा नातू पुढच्या वेळी नर बदलेल.