दहा नंबरचा पाना

गेल्या मार्चमध्ये आमच्या जुन्या पिकअप ट्रकने संप पुकारला. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे आम्ही राहावयास आलो तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. जयंतीच्या कार्यक्रमाला लागणारी पुस्तकांची खोकी, ध्वनिक्षेपक, घडीच्या खुर्च्या हे सारे त्याच्याच पाठीवरून जाते. सकाळी तो शहाण्यासारखा धावे. वीसेक मिनिटांनी मात्र वेगकाटा एकाएकी शून्यावर कोसळे, आणि गिअर असा धक्का देऊन बदले, की मागून कोणी आदळले असे वाटावे. एका गॅरेजवाल्याने तपासणी न करताच संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले व साडेतीन हजार डॉलरचा अंदाज हाती ठेवला. जयंती तीन आठवड्यांवर आली होती.

बाबा तेव्हा आमच्याकडे आलेले होते. त्यांची सारी नोकरी नागपूरला, एसटीच्या हिंगणा कार्यशाळेत गेली. त्यांनी एवढेच विचारले, "गरम झाल्यावरच होते ना? थंडीत नाही? मग गिअरबॉक्स उघडायची घाई कशाला?"

मी आयुष्यात कधी पाना हाती धरलेला नव्हता. याचे कारण बाबाच. आमच्या आजोबांनी १९५६च्या दीक्षेनंतर मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाकले. बाबांचे ग्रीसने माखलेले काम हे आमच्या घराण्यात स्वतःच्या पसंतीने पत्करलेले पहिले काम. तरीही त्यांनी आपल्या हत्यारांना मला कधी हात लावू दिला नाही. घरात पाऊल टाकण्यापूर्वी ते रॉकेलने हात घासत. त्यांना त्या कामाची लाज वाटते, अशी माझी समजूत होती, आणि ती मी इथवर घेऊन आलो होतो.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली तपासणीचे एक ठरावीक तोंड असते. तिथे स्कॅनर लावला, तेव्हा पी०७२० हा संकेत उमटला. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या मंडलात दोष, असा त्याचा अर्थ. मी ताबडतोब नवा सेन्सर मागवायला निघालो. बाबांनी थांबवले. मंडल म्हणजे तारही आली, जोडही आला. संकेत तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही.

हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. आमच्या ट्रकमध्ये तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आहे. आत एक चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे. समोरून दातेरी चक्र फिरते; प्रत्येक दात्यागणिक वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. या लहरी मोजून संगणक वेग ठरवतो आणि गिअर केव्हा बदलायचा हेही ठरवतो. लहर थांबली की तो आंधळा होतो.

रविवारी, इंजिन पूर्ण थंड असताना, चाकांना ठोकळे लावून ट्रक लोखंडी घोड्यांवर चढवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, हे बाबांनी तीनदा बजावले. मी खाली उताणा, ते खुर्चीवर. जोड स्वच्छ होता, तारा कुठे सोललेल्या नव्हत्या. सेन्सरच्या दोन टोकांना मीटर लावला, तर सुमारे सहाशे ओहम, म्हणजे पुस्तिकेप्रमाणे अगदी योग्य. माझा धीर सुटला.

"काढ बाहेर. दहाचा पाना लागेल."

एकच बोल्ट होता. सेन्सर निघाला, तांबूस तेलाचे थेंब कपाळावर पडले. बाबांनी टोकावरचा करडा लेप दोन बोटांत चोळून पाहिला. चुंबकाला पिठासारखी बारीक भुकटी लागतेच. बोटाला टोचणारे कण मिळाले असते तर गिअर झिजले असे समजायचे. टोचले काहीच नाही. मग त्यांनी सुनेकडे केस वाळवायचे यंत्र मागितले. सेन्सर गरम होऊ लागला, आकडा थोडा वर सरकला, आणि पाचेक मिनिटांनी मीटरवरून आकडाच नाहीसा झाला. आतली तार तापून कुठेतरी सुटत होती. निवल्यावर सहाशे परत आले. बाबा मनापासून हसले. त्यांना काम करताना मी प्रथमच पाहत होतो, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

मी तेव्हा विचारून टाकले, की मला हे कधी का शिकवले नाही. लाज वाटत होती का.

"लाज कशाची?" ते सेन्सर फडक्याने पुसत होते. "तुला गोडी लागेल याची भीती होती. मग तू शाळेत टिकला नसतास."

नवा सेन्सर अडतीस डॉलरला मिळाला. रबरी कड्याला तेल लावून तो हलक्या हाताने बसवला. ॲल्युमिनियमचे आटे जोराने आवळले तर उतरतात. सांडले होते तेवढे तेल भरले, संकेत पुसला, आणि दोघे आय-१० वर चाळीस मिनिटे फिरून आलो. काटा हलला नाही. बाबा वाटेत काही बोलले नाहीत. कान गिअरबॉक्सकडे होते.

परतल्यावर मी मोरीत हात घासत राहिलो, नखांतले काळे निघेना. बाबांनी रॉकेल आहे का म्हणून विचारले. नव्हते. मग ते स्वयंपाकघरातून मूठभर साखर घेऊन आले, तिच्यावर भांड्यांचा साबण ओतला, माझा हात आपल्या हातात घेतला आणि घासू लागले.