परसातली मांजरे आणि भाजीचा वाफा

शेजारपाजारची मांजरे परसबागेत शिरतात ती बहुतेक वेळा मातीसाठी. विष्ठा पुरून टाकणे ही मांजराची उपजत सवय आहे. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानटी मांजर. पंजाने सहज उकरता येईल अशी सुकी, भुसभुशीत जागा शोधण्याची ओढ त्याच्याकडूनच आजच्या मांजरात आलेली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, शिरड शहापूरच्या परिसरात, अशी जागा कुठे सापडते हे पाहिले की वाफ्यांची नासधूस का होते ते कळते.

या भागातली जमीन कापसाची काळी. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते व चिकट होते आणि ओल उडाली की आकसते. उन्हाळा जवळ येताच तिला भेगा पडतात, वरचा थर टणक होतो. गावातले रस्ते सिमेंटचे, अंगणे फरशीची. अशा वस्तीत मऊ माती उरते ती नुकत्याच खणलेल्या, ढेकळे फोडून शेणखत मिसळलेल्या वाफ्यात, नाहीतर एखाद्या बांधकामाशेजारच्या वाळूच्या ढिगात. ढीग संपला किंवा झाकला गेला की मांजर वाफ्याकडे वळते. एकदा वापरलेल्या जागेला वास राहतो, आणि तो वास त्याला पुन्हा तिथेच आणतो. म्हणून मांजराला हाकलण्याआधी मातीचा बंदोबस्त करायचा, हा क्रम सोडू नये. मांजर हाकलले तरी मोकळी माती तशीच राहिली, तर दुसरे मांजर येते.

वाफ्याला खरा धोका पेरणीपासून पाने जमीन झाकेपर्यंत. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, तिचा वाफा लवकर भरतो. कोथिंबिरीला उगवायलाच आठ-दहा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात, तोवर माती उघडी असते आणि तिचेच नुकसान जास्त होते. वांगी-मिरचीच्या रोपांमधली मोकळी जागाही सुरुवातीचे काही आठवडे उघडी राहते. भोपळा, दोडका, कारले यांच्या आळ्यांना वेल पसरल्यावर फारसा त्रास होत नाही. हे ध्यानात घेतले की वर्षभर पहारा ठेवण्याची गरज पडत नाही. प्रत्येक पेरणीनंतरचे तीन-चार आठवडे सांभाळले की बरेचसे काम होते.

प्रश्न नुसत्या उकरलेल्या बियांचा नाही. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. संसर्ग झालेले मांजर, बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे त्याची सूक्ष्म अंडकोषिका विष्ठेतून बाहेर टाकते. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी ती रोगकारक होते आणि ओलसर मातीत वर्षभराहूनही अधिक टिकू शकते. निरोगी माणसाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही, पण गरोदरपणात प्रथमच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून गरोदर बाईने असा वाफा खुरपू नये. इतरांनी हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात वाहत्या पाण्याखाली धुवून घ्यावी. मांजरांच्या काही आकडेकृमींच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, तेव्हा वाफ्यात पायात काहीतरी असावे. या गोष्टींची भीती बाळगू नये, पण त्या हसण्यावारीही नेऊ नयेत.

माती झाकण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जाळी. कुक्कुटपालनाची षट्कोनी छिद्रांची तारेची जाळी पेरणीनंतर वाफ्यावर आडवी पसरावी आणि कडा विटांनी दाबाव्यात. कोंब छिद्रांतून वर येतात, मांजराला मात्र पंजा रोवून उकरता येत नाही. कोथिंबीर-मेथी कापणीपर्यंत जाळी तशीच राहिली तरी चालते. वांगी-मिरचीसाठी रोपाच्या जागी छिद्र मोठे करून घ्यावे आणि तारांची टोके खाली वळवावीत. शेडनेटचा तुकडा काठ्यांवर ताणून लावला तर सावलीही मिळते. तो सैल सोडू नये, कारण सैल जाळ्यात मांजराचे पिल्लू अडकते आणि सापही अडकतो.

जाळी नसेल तर तुराट्या. तूर झोडपल्यावर उरलेल्या या काटक्या मराठवाड्यात चुलीसाठी आणि कुडासाठी घरोघर असतात. वीतभर लांबीचे तुकडे करून ते चार-चार बोटांच्या अंतरावर वाफ्यात उभे रोवले की मांजराला वळायला व बसायला जागा उरत नाही. टोके बोथट असावीत. पऱ्हाट्यांचेही असेच करता येते. बाभळीचे काटे मात्र वाफ्यात पसरू नयेत. ते मांजराच्या पंजात मोडतात, जखम पिकते, आणि खुरपणाऱ्याच्या हातालाही तेच होते. आच्छादन घालायचे तर भरड घालावे. सोयाबीनचे बारीक भुसकट मांजराला मातीपेक्षाही आवडते, त्यामुळे ते एकटे टाकल्यास उपाय उलटतो. उसाचे पाचट जाड थराने घालून वर दोन-चार काटक्या आडव्या टाकल्या की ते टिकते आणि ओलही धरून ठेवते.

ओल हेही एक साधन आहे. भिजलेली काळी माती पंजाला चिकटते आणि मांजराला ती नकोशी वाटते. मांजरांचा वावर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, म्हणून संध्याकाळी हलके पाणी दिले तर रात्री वाफा ओला राहतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा हा उपाय परवडत नाही. मग जाळीवरच भिस्त ठेवावी. हालचाल टिपून फवारा सोडणारी यंत्रे परदेशात चांगली चालतात. टाकीतले पाणी मोजून वापरणाऱ्या गावात त्यांची शिफारस करता येत नाही.

जागा नाकारायची तर दुसरी द्यावी, हा भाग बहुतेक जण वगळतात आणि तिथेच उपाय फसतो. परसाच्या कोपऱ्यात, विहीर-बोअरपासून व स्वयंपाकघरापासून दूर, दोन-तीन हात लांब-रुंद खळगा करून त्यात वाळू भरावी. वरून पावसाचे पाणी पडू नये म्हणून पत्र्याचा तुकडा तिरपा लावावा. वाफ्यात सापडलेली थोडी विष्ठा सुरुवातीला तिथे पुरली तर मांजराला जागा लवकर कळते. खळगा दररोज साफ करावा. परजीवीची अंडकोषिका रोगकारक व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजच्या सफाईने संसर्गाचा धोका बराच कमी होतो. काढलेली घाण खतखड्ड्यात न टाकता खोल पुरावी.

वासाचे उपाय पुष्कळ सांगितले जातात. मोसंबी, संत्री, लिंबू यांच्या साली मांजराला आवडत नाहीत हे खरे, पण मराठवाड्याच्या उन्हात त्या दिवसभरात वाळतात आणि वास जातो. रोज ताज्या टाकायची तयारी असेल तरच त्यांचा उपयोग. निळीच्या पाण्याची बाटली उंबऱ्याशी किंवा कुंपणावर ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर दिसते. मांजराला निळा रंग दिसतो, पण त्याची त्याला भीती वाटण्याचे काही कारण नाही. पहिल्या दिवशी नवी वस्तू म्हणून ते बिचकते, नंतर तिच्याच शेजारी बसते. मानवी कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी उपकरणे थोडी उपयोगी आहेत. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, मांजराला ६० च्याही पुढे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या बागांतील चाचण्यांत अशा उपकरणांनी मांजरांच्या फेऱ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत.

काही उपाय मात्र करूच नयेत. मांजराच्या यकृतात फिनॉल वर्गातल्या द्रव्यांचा निचरा करणारी एक महत्त्वाची प्रक्रिया फार दुबळी असते. त्यामुळे फिनेल त्याच्या पायांना लागून चाटण्यातून पोटात गेले तरी विषबाधा होते. डांबरगोळ्याही विषारी आहेत, आणि लहान मुलांनाही त्यांचा तितकाच धोका. संत्र्याची साल निरुपद्रवी असली तरी संत्र्याचे किंवा निलगिरीचे तीव्र तेल निरुपद्रवी नाही. तिखट टाकणे हा निव्वळ छळ आहे: मांजर पंजाने तोंड पुसते आणि तिखट डोळ्यांत जाते. उंदरांसाठी ठेवलेले विष मांजराला दोन वाटांनी गाठते, एक थेट आणि दुसरी विष खाल्लेल्या उंदरातून.

उंदराचा विचार इथे वेगळा करायला हवा. सोयाबीन, तूर, हरभरा यांची पोती ज्या घरांत असतात तिथे मांजराचा वावर फायद्याचाच आहे. त्याला गावातून घालवणे हे कोणाच्याही हिताचे नाही. फक्त वाफा, कोंबडीची पिल्ले आणि तुळशीवृंदावन एवढ्या जागा राखायच्या आहेत. पिल्लांसाठी रात्री बारीक जाळीचे बंद खुराडे असावे. खरकटे, मासळीची घाण आणि उघडे दुधाचे भांडे परसात राहू नये. कुंपण घालायचे झाल्यास नुसती उंची कामाची नाही, कारण माणसाच्या उंचीची भिंत मांजर सहज चढते. भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला तिरपी झुकलेली, किंचित डुलणारी जाळी लावली तर त्याला पकड मिळत नाही. खर्च मोठा असल्याने हे लहान परसालाच शोभते.

वृंदावनावर किंवा भिंतीवर उडवलेली मुताची धार ही निराळी बाब आहे. ती बहुधा बोक्याची, आणि हद्द दाखवण्यासाठी. जागा गरम पाणी व साबणाने धुवून वर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवावे. अमोनिया असलेला द्रव वापरू नये, कारण त्याचा वास मुताशी जुळतो आणि बोका पुन्हा खूण करतो. खच्चीकरणानंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत ही सवय सुटते किंवा अगदी कमी होते.

शेजाऱ्यांशी बोलणे इथेच उपयोगी पडते. मांजरी पाच-सहा महिन्यांच्या वयात माजावर येते, गाभण राहिल्यावर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी तीन ते पाच पिले देते आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. मांजरी पिलांना सात घरे फिरवते असे म्हणतात. सातचा आकडा सोडला तरी ती पिलांची जागा वारंवार बदलते हे खरेच आहे, आणि त्यामुळे एका घरची वीण अख्ख्या गल्लीची होते. मुंबईत महानगरपालिकेतर्फे भटक्या मांजरांची नसबंदी होते. लहान गावात अशी यंत्रणा सहसा नसते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी खर्च वाटून घ्यावा आणि मांजरे पशुवैद्यकाकडे न्यावीत, हाच शक्य असलेला मार्ग. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक भूल असतानाच किंचित कापून घेतात, म्हणजे ते पुन्हा पकडले जात नाही. नसबंदी झालेली मांजरे बहुधा आपल्या हद्दीत टिकून राहतात.

पोत्यात घालून मांजर दूरच्या शिवारात सोडून येणे ही गावोगावची जुनी रीत. ती चालत नाही आणि ती क्रूरही आहे. अनेक मांजरे परततात. जी परतत नाहीत ती अनोळखी हद्दीत उपाशी मरतात किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने नेणे आणि पाळलेला प्राणी विनाकारण टाकून देणे हे गुन्हे आहेत. प्राण्याला ठार करणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिरड शहापूर हे मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे क्षेत्र. जीवहत्या टाळण्याचा आग्रह तिथे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

शेवटी, परसात आलेले प्रत्येक मांजर पाळीव नसते. उसाच्या फडाला लागून असलेल्या घरांत रानमांजर येऊ शकते: लांब पाय, तुलनेने आखूड आणि टोकाकडे काळी वलये असलेली शेपटी, कानांच्या टोकांना बारीक काळे केस, अंगावर ठळक पट्टे नाहीत. लांब शेपटीचे, निमुळत्या तोंडाचे उदमांजर तर मांजरच नव्हे. दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना पकडू नये, कोंडू नये. खुराडे बंद ठेवावे, पिलांसह मादी दिसली तर तिला जाऊ द्यावे, आणि प्राणी जखमी असेल किंवा विहिरीत पडला असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.