दुसऱ्याच्या हातची चव

'घरचे जेवण' हे शब्द उच्चारताना माझा आवाज नकळत हळवा होतो, असे माझी मुलगी म्हणते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. आवाज हळवा करणे हा माझ्या व्यवसायाचाच एक भाग आहे, हे तिला कोण सांगणार! गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका समारंभात मी या विषयावर चांगला पाऊण तास बोललो. चूल, तवा, आजीच्या हातची टम्म फुगलेली भाकरी... दोघीतिघी विद्यार्थिनींनी डोळ्यांना रुमालही लावले. घरी परतताना कन्येने एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्हांला भाकरी करता येते का?"

तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. परंतु यंदा दिवाळीत नांदूरघाटला गेलो, तेव्हा तो पुन्हा पुढ्यात येऊन बसला.

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले आमचे गाव. तिथे काका-काकूंपाशी माझी आजी राहते. वय सत्त्याऐंशी. दिसते बेताचेच, पण भाकरी थापल्याचा आवाज ऐकून आज चुलीपुढे कोण बसले आहे, ते ती ओसरीवरून सांगते. 'घरचे जेवण' हा शब्दप्रयोग मात्र मी तिच्या तोंडून कधीच ऐकलेला नाही. बाहेरचे जेवण ठाऊक असल्याशिवाय घरचे जेवण असे वेगळे म्हणायचे तरी कशाला? तिच्या लेखी जेवण म्हणजे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी नाही तर येसराची आमटी. गव्हाची पोळी सणाला. भात पाहुण्याला किंवा आजाऱ्याला. आणि १९७२ साली तेही नव्हते. त्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, आणि घरी अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी शिजे. तिला सगळे 'मिलो' म्हणत. मिलोच्या पिठाला विरी नसे, भाकरी हातातच तुटे, असे आजी सांगते. अजूनही एखादी भाकरी जरा तांबूस दिसली, की ती ताट दूर सारते.

माझी आई लग्न होऊन आली आणि वडिलांच्या नोकरीपायी लातूरला ओटा आणि गॅस असलेल्या घरात राहू लागली. सासू गावाकडे, माहेर दूर, विचारायचे कोणाला? कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले होते. त्यातली वाटी-चमच्याची मापे म्हणजे आईला सासूपेक्षा प्रेमळ वाटली असावीत. त्या पुस्तकाच्या पानांवर अजून तेलाचे डाग आहेत. रविवारी आमच्याकडे इडली होई आणि ती आई शेजारी नेऊन देई. भाकरीही होत असे. पण अवचित कोणी आले, की भाकरीचे टोपले फडताळात जाई आणि पोळीचा डबा बाहेर येई. गावाकडचे आहोत हे ताटात दिसू नये, एवढीच तिची इच्छा. मला त्याचे तेव्हा काहीच वाटले नाही. मीही भाकरीचा डबा शाळेत झाकण अर्धवट उघडून खात असे.

आमच्या पिढीविषयी फार लिहीत नाही. पत्नीही नोकरी करते. सकाळी सातला एक मावशी येतात, पोळी-भाजी करून पाऊण तासात पुढच्या घरी जातात. त्या जेवणाला आम्ही निःशंकपणे 'घरचे' म्हणतो. मावशींच्या घरचे जेवण कोण करते आणि केव्हा, हे मी इतक्या वर्षांत विचारलेले नाही.

मुलगी पुण्याला शिकते. मेसला कंटाळली की फोनवरून जेवण मागवते. मध्यंतरी कुठल्याशा झकपक हॉटेलात तिने 'अस्सल गावरान थाळी' खाल्ली आणि तिचा फोटो काकांच्या फोनवर पाठवला. भाकरी, ठेचा, पितळेच्या वाटीत पिठले. आजीने फोटो डोळ्यांशी नेला, किंमत विचारली आणि म्हणाली, "एवढं शिकून भाकरच खाती व्हय?"

तिला ते उलगडेना यात नवल नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ज्वारीचे गुण डॉक्टर सांगू लागले. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून रेशनचे गहू-तांदूळ फुकट झाले. आजीचे सणाचे धान्य गरिबाघरी रोजचे झाले आणि तिची रोजची भाकरी थाळीत चढून बसली. आमच्या शिवारातही आता जिकडेतिकडे सोयाबीन. ज्वारी काका घरापुरती पेरतात.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातली गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांवर माणसांबरोबर तवा, काठवट आणि पिठाची पोती असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. पण फडात पहाट होण्याआधी उठून कोपीपुढे भाकरी थापतो तो त्यातला अर्धाच कोयता. शेजारच्या घरी यंदा एक म्हातारी आणि दोन नातवंडे मागे राहिली आहेत. सहा महिने त्या पोरांचे घरचे जेवण म्हणजे ती म्हातारी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाने तोंड विटले, म्हणून काकूंनी चूल पेटवली. मुलगी फोन सरसावून आजीजवळ बसली. "पणजी, मला भाकरी शिकव ना."

मला वाटले, म्हातारी हरखून जाईल. तिने काठवट आपल्याकडे ओढून घेतली.

"तू नगं शिकू."

"का गं?"

"सात वर्साची होते. मायनं शिकवलं. भाकर जमली, अन् दुसऱ्या दिवसापून माय रानात अन् मी चुलीपुढं. पुन्हा उठलेच न्हाई."

हे ती अगदी कोरड्या आवाजात म्हणाली; पाऊस उशिरा आला असे सांगावे तसे. मुलीने फोन खाली ठेवला. माझ्या पाऊण तासाच्या भाषणात ही सात वर्षांची मुलगी कुठेच नव्हती.

मग आजीने माझ्याकडे मान वळवली. "ह्याला बसीव. लई भाषणं करतो म्हनं!"

काकू तोंडाला पदर लावून हसत बाहेर गेल्या. मी बसलो. आधणाच्या पाण्याने बोटे पोळली. "टाचेनं रगड, तळहाताच्या टाचेनं," आजी सांगत होती, "कुरवाळू नगं." ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, जी काही विरी यायची ती गरम पाण्याने आणि मनगटाने. थापायला घेतली तशा कडा फाटू लागल्या. उचलताना एक लचका काठवटीतच राहिला. वरून पाणी फिरवताना तव्याचा चटका बसला. उलथली, तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते. विस्तवाला लावून फुगवण्याचा प्रश्नच उरला नाही.

मुलगी हसायचे टाळत होती. मी तुकडे आजीच्या ताटलीत ठेवले. तिने ते बोटांनी चाचपले.

"मिलो हाय का ही?"

तरी तिने ताटली दूर सारली नाही. तुकडे दुधात कुस्करले आणि सावकाश खाल्ले. वाटी पुसून घेतली, मग विचारले,

"पीठ उरलं का?"

"उरलंय."

"मग थाप. तुझी काकू जेवायची हाय अजून."