सांध्याची तार वेगळी

खेळण्यातली आगगाडी म्हटली की चावी देऊन गोल फिरणारे इंजिन डोळ्यांसमोर येते. आमच्या मामूंचा खेळ तसला नाही. चाळीस वर्षे बर्मिंगहॅमला काढून मामू खेड तालुक्यातल्या घरी परतले, ते रुळांची आणि डब्यांची खोकी घेऊनच. गावात हसू झाले. मामूंनी मनावर घेतले नाही. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर त्यांनी कोकण रेल्वेचे एक स्टेशन मांडले. मधून मुख्य मार्ग, दोन्ही अंगांना एकेक लूप. एकेरी मार्गावर समोरासमोर आलेल्या गाड्या अशाच स्टेशनात एकमेकींना वाट देतात. दोन लूप म्हणजे चार सांधे. गुडघ्यांमुळे मामूंना टेबलाखाली शिरता येत नाही; म्हणून सांध्यांच्या तारा जोडायचे काम आमच्याकडे आले. आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो, एवढीच आमची लायकी.

सांधा हलवणारी मोटर म्हणजे दोन कॉइल आणि मध्ये लोखंडी दांडा. एका कॉइलमध्ये करंट सोडला की दांडा इकडे, दुसरीत सोडला की तिकडे. आम्ही वर्गात ज्याला ‘बर्की मकनातीस’ म्हणतो आणि मराठी शाळेत ज्याला विद्युतचुंबक म्हणतात, तेच हे. जुन्या पद्धतीत प्रत्येक मोटरच्या तीन तारा बटणांच्या फळीपर्यंत न्याव्या लागत. चार सांध्यांच्या बारा तारा.

मामूंची यंत्रणा डिजिटल. जर्मनीतल्या लेन्झ यांनी विकसित केलेल्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990च्या दशकात तिचे मानक ठरवले. तिच्यात रुळांना सतत साधारण पंधरा व्होल्ट मिळतात, आणि विजेच्या उलटसुलट होण्यातच हुकूम लिहिलेला असतो. सांध्यांसाठी डिकोडर नावाची छोटी पट्टी असते. तिला दोनच तारा. सगळे हुकूम तिच्या कानावर पडतात, पण ती आपल्या क्रमांकाचाच मानते. आमची पट्टी चार सांध्यांची. शिकवणीचे बटण दाबून हातातल्या यंत्रावरून ‘सांधा 1’ म्हटले की ती 1 ते 4 क्रमांक आपले म्हणून धरते. इंजिनाचा क्रमांक 3 असला तरी सांधा 3शी त्याचा घोटाळा होत नाही. दोघांच्या हुकमांची घडणच निराळी. कॉइलला मात्र क्षणभरच जोराचा करंट हवा, जास्त वेळ मिळाला तर ती जळते. म्हणून डिकोडर कपॅसिटरमध्ये वीज साठवून एका झटक्यात सोडतो.

मदतीला आमचा एक जुना विद्यार्थी होता. दहावीला गणितात गेला आणि तेव्हापासून बाजारात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. घरी कोकणी, शाळेत उर्दू, दुकानात मराठी, आणि खोक्यावरची अक्षरे इंग्रजी. त्याचे काही अडले नाही. तारांची टोके सोलून त्यांना कथील लावण्यात त्याचा हात आमच्यापेक्षा कितीतरी साफ.

पत्रकातल्या आकृतीत डिकोडर रुळांच्याच तारांना जोडलेला होता. तसे चालतेही. पोरगा आकृती बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “सर, सांधा उलटा असताना इंजिन त्याच्यावर चढलं तर?”

मामूच म्हणाले, “शॉर्ट होईल. रुळांचा करंट आपोआप तुटेल.”

“म्हणजे डिकोडरचा पण तुटेल. मग सांधा सरळ करायचा कशानं?”

मामू त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “बाळा, हे तुला कुणी शिकवलं?” त्याने खांदे उडवले.

शेवटी तारांच्या दोन जोड्या काढल्या. तांबड्या-काळ्या जाड तारा रुळांकडे गेल्या, आणि त्यांच्या वाटेत एक ब्रेकर बसवला. मुख्य यंत्राआधी तो तुटतो, त्यामुळे शॉर्ट झाला तरी फक्त रूळ झोपतात. सांध्यांची पिवळी-निळी जोडी ब्रेकरच्या अलीकडून, थेट मुख्य यंत्रातून घेतली. आता गाडी चुकून अडली तरी सांधा फिरतो, आणि तो फिरला की रूळ पुन्हा जागे होतात.

त्या रात्री आम्हाला तारांपेक्षा त्या पोराचेच जास्त वाटत राहिले. दहावीला एका विषयात गेलेल्या मुलाचे आपल्याकडे काय होते? शाळा सुटते. शाळेबरोबर वर्ग, बाक, सोबती आणि विचारायला हक्काचे सरही जातात. ज्यांच्या आधाराने चूक दुरुस्त व्हायची, ते सगळे चूक होताक्षणीच बंद. 2015पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. बाहेरून बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. वाट आहे, पण तिथवर पोचवणारी तार बहुतेक घरांत नसते. आईबाप म्हणतात, नशिबात नव्हते. मोहल्ला म्हणतो, बरे झाले, कामाला लागला. आणि शाळा पुढच्या निकालाच्या टक्क्यांकडे वळते.

आम्ही तिघा शिक्षकांनी आता मगरिबनंतर तासभर वर्ग सुरू केला आहे. शाळेशी त्याचा संबंध नाही. तो मुद्दामच वेगळा ठेवला आहे. जागा मामूंच्या घरचीच, गाड्यांच्या टेबलाशेजारची. सध्या सात मुले येतात. त्यांतली दोन मुली. रिवाइंडिंगवाला पोरगाही येतो, हातांना वॉर्निशचा वास घेऊन. गणित त्याला अजून जड जाते. तो पास होईलच असे आम्ही कुणाला सांगत नाही.

जलशांत बक्षिसे आपण पहिल्या आलेल्यांना देतो, ती द्यावीतच. पण गाडी अडली की चालू राहील अशी एखादी तार आपल्या मोहल्ल्यात आहे का, हे प्रत्येकाने एकदा टेबलाखाली वाकून बघावे. नसली तर ओढावी. तिला खर्च फारसा येत नाही.