हेराल्डची क्लच प्लेट

मोटारीतले बहुतेक भाग टिकावेत म्हणून बनवलेले असतात. क्लच प्लेटचे तसे नाही. ती झिजण्यासाठीच बसवलेली असते. फिरते इंजिन आणि उभी चाके यांची गाठ एकदम पडली तर गाडी गचका खाऊन बंद पडते. तो गचका प्लेट आपल्या अंगावर घेते. थोडी घसरते, थोडी घासते आणि मग फ्लायव्हीलला घट्ट धरते. आयुष्यभर मोटारींखाली झोपून काम केलेले आमचे अब्बा हेच एका वाक्यात सांगतात, "किलच मतलब घर का समझदार आदमी. घर उसी पे चलता, और घिसता बी वोच."

बोदवडला आमच्या अंगणात एक दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी असते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ही गाडी भारतात बनवली. इंजिन ९४८ सीसीचे, घडण मिचेलोत्ती या इटालियन कलाकाराची. इंग्लंडमध्ये याच गाडीची चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही नामांकित स्पोर्ट्स कार निघाली. स्पिटफायर आमच्या गावाच्या वाट्याला आली नाही. तिची थोरली बहीण आली. अब्बांनी ती भुसावळच्या एका डॉक्टरांकडून मोडीच्या भावात घेतली आणि उभी केली.

गेल्या उन्हाळ्यात क्लच घसरू लागला. इंजिन ओरडायचे, गाडी मात्र चढ चढायची नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. नातेवाईक म्हणाले, विकून टाका. त्यांचेही चुकत नव्हते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० झाले. गावातल्या तरुण मिस्त्रींच्या हाती रोज मोटारसायकली आणि नव्या गाड्या. हेराल्ड त्यांनी कधी उघडलेली नव्हती. अब्बांचे गुडघे गेलेले. उरलो आम्ही दोघे भाऊ. एक शिक्षक, एक कारकून.

आम्हाला अब्बांनी गॅरेजचा उंबरा कधी ओलांडू दिला नव्हता. "हात काले नक्को करो, किताब पकडो," एवढेच त्यांचे म्हणणे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. पगारी नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यांत, वाहनदुरुस्तीसारख्या कामांत जास्त, असे त्यात नोंदवलेले आहे. आम्ही तो वाचला तेव्हा आम्हाला नवे काही वाटले नाही. आमच्या गल्लीची मोजदाद कुणीतरी केली, असे वाटले. त्या मोजदादीतून आम्हाला बाहेर काढण्यासाठीच अब्बा झिजले होते. म्हणून आम्ही गाडीखाली शिरायचे म्हटल्यावर ते आधी गप्प राहिले. मग त्यांनी खाट अंगणात आणायला सांगितली.

हेराल्ड आणि स्पिटफायर या दोघींची एक गंमत आहे. त्यांचा गिअरबॉक्स खालून उतरवत नाहीत, गाडीच्या आतून काढतात. आम्ही सीटा काढल्या, मधल्या बोगद्याचे झाकण उचकटले. पुढचे बॉनेट मडगार्डांसकट पालथे उघडते, त्यामुळे इंजिन समोर मोकळे मिळाले. त्याच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार दिला. जॉइंट शाफ्टचे चार बोल्ट, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर, क्लचचा खालचा सिलिंडर असे एकेक सुटत गेले. थोरल्याची मुलगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. ती इंग्रजी पुस्तिका वाचून सांगे, अब्बा खाटेवरून दुरुस्त करत. दुपारी आम्ही दोघांनी गिअरबॉक्स मागे ओढून मांडीवर घेतला.

आतली काळी धूळ पाहून धाकट्याने फुंकर मारायला तोंड पुढे केले. मुलगी ओरडली, "चाचा, थांबा!" जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, त्याचे तंतू फुप्फुसात बसले की वर्षानुवर्षांनी दुखणे निघते, कर्करोगही होतो. तिने तोंडाला कपडा बांधायला लावला, ओल्या फडक्याने धूळ टिपली आणि फडके पिशवीत बांधले. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हम तो रोज फूँकते थे." त्यांचे उस्ताद शेवटची काही वर्षे खोकतच होते. कशाने, ते कुणी विचारले नव्हते. सांगणारे शिकलेले लोक गॅरेजात येत नव्हते, आणि गॅरेजातले लोक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

नवी प्लेट मिळेना. जुनीच जळगावला नेऊन तिच्यावर नवे, बिनॲस्बेस्टॉसचे अस्तर रिव्हेट करून आणले. आता पाळी पुस्तिकेत नसलेल्या गोष्टींची होती. अब्बांनी ट्रंकेतून बाभळीची एक गुळगुळीत खुंटी काढली. ती प्लेटच्या भोकातून क्रँकच्या बुशात घातली की प्लेट बरोबर मधोमध बसते. नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. प्लेटचा उंचवटा गिअरबॉक्सकडे हवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. असे का, ते मुलीने समजावले: नाहीतर प्रेशर प्लेटचे झाकण वाकते. अब्बांनी डोळे मिटून पान्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "बस, अब नहीं."

शेवटी हवा काढायची होती. मुलगी पेडल दाबे, धाकटा निपल उघडून पुन्हा आवळे. बुडबुडे थांबले. हात डिझेलने पुसून, धुण्याच्या पावडरने चोळून, एकाच घमेल्यातल्या पाण्यात सगळ्यांनी धुतले. उन्हाळ्यात बोदवडला पाणी जपावे लागते. अब्बांना उचलून स्टिअरिंगमागे बसवले. त्यांनी पेडल दाबले, सोडले. स्टेशनच्या रस्त्याला गाडी गचका न देता लागली.

आमच्या पिढीने काळे हात एका बाजूला ठेवले आणि किताब दुसऱ्या बाजूला. गरिबीतून निघायचे तर दुसरी वाट अब्बांना दिसत नव्हती. पण त्यात मिस्त्रींची विद्या हातातच राहिली आणि हातांबरोबर मातीत गेली. किताबही गॅरेजात पोचली नाही, म्हणून उस्ताद खोकत राहिले. त्या अंगणात दोन्ही प्रथमच एका खाटेभोवती बसली.

मुलीने आता एक वही घातली आहे. अब्बा सांगतात, ती मराठीत लिहिते. पाना, घोडी, टॉमी, सगळे अब्बांच्याच शब्दांत. क्लच संपला. सध्या ब्रेक चालू आहे.