पोचे काढणारी शाळा

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईपासून तिथे तांब्यावर हातोडी पडते आहे. घागरीवर, बंबावर जे ओळीने बारीक चकचकीत ठसे दिसतात, ते मठारकाम. ते शोभेसाठी असते अशी आपली समजूत. पण त्या ठोक्यांनी मऊ तांबे कडक होते आणि भांडे आपला आकार धरून राहते. शोभा हा वरचा नफा.

तेथून दारूवाला पुलावरून नागझरी ओलांडावी आणि नाना पेठेत शिरावे. मोटारींच्या सुट्या भागांची ही जुनी बाजारपेठ. दुकानांतून आरसे, दिवे, बंपर टांगलेले. ग्राहकाला रस्त्यातच गाठून ‘काय पाहिजे साहेब?’ म्हणणारी माणसे. आणि एखाद्या बोळातून पुन्हा तोच हातोडीचा आवाज. फक्त आता तांब्याऐवजी पोलाद, आणि घागरीऐवजी कुणाच्या तरी मोटारीचे ठेचलेले मडगार्ड.

भांड्याला पडतो तो पोचा, आणि मोटारीला पडतो तो मात्र डेंट! मोटार इंग्रजीतून आली, म्हणून तिचे दुखणेही इंग्रजी. असो. अशाच एका बोळात एका मिस्त्रींचे काम मी पाऊण तास उभा राहून पाहिले. डाव्या हातात, पत्र्याच्या आतल्या बाजूने धरलेला लोखंडी ठोकळा. त्याला डॉली म्हणतात. उजव्या हातात हातोडी. ठोका नेमका डॉलीवर पडला तर खणखणीत वाजतो आणि पत्रा ताणला जातो. डॉलीच्या शेजारी पडला तर बद्द वाजतो आणि उंचवटा खाली बसतो. मिस्त्री पत्र्याकडे फारसे बघतच नव्हते. मधूनमधून फडके अंथरून त्यावरून तळहात फिरवत. डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते. जास्त ताणलेला पत्रा डबीच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर होऊ लागतो. मग नाण्याएवढा ठिपका लाल तापवायचा आणि ओल्या फडक्याने विझवायचा, की पत्रा आकसतो. हे सारे ते दहाव्या वर्षापासून शिकले. गुरुदक्षिणा म्हणून पहिली दोन वर्षे चहा आणला आणि पॉलिश पेपर घासला.

आणि या मिस्त्रींनी आपला मुलगा मात्र सरकारी आयटीआयमध्ये घातला आहे.

“घरात विद्यापीठ असताना?” मी विचारले.

“माझ्या विद्यापीठातला पत्रा आता येत नाही, सर,” ते म्हणाले, आणि खोकले.

त्या खोकल्याचाही अभ्यासक्रमात समावेश आहे, हे मला पुढे त्या संस्थेत गेल्यावर कळले. शहराच्या कडेला कौलारू शेड, निलगिरीची चार झाडे, भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. मोटारीच्या बॉडीदुरुस्तीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि प्रमाणपत्र. शिकवणाऱ्यांना तिथे शिल्प निदेशक म्हणतात. किती सुंदर शब्द! आम्हां प्राध्यापकांना तो मिळाला नाही याचे वाईट वाटले.

सुरुवात कानशीपासून. लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायचा. गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचे. मग पत्रा कापणे, वाकवणे, वेल्डिंग. मग रंग. निदेशकांनी मुखवटा हाती दिला. आजकालच्या रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवाऱ्याबरोबर ते छातीत गेले की दमा जडू शकतो. त्याच्यापुढे तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे चाळणीने पाणी अडवणे. नाना पेठेतल्या त्या बोळात मला रुमालच दिसले होते.

पण खरा धडा पत्र्याचा. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली. तिच्या पिढीचे पोलाद मऊ आणि सहनशील होते. तापवा, ठोका, पुन्हा तापवा, ते रागावत नसे. आजच्या अनेक मोटारींत पुढचा भाग धडकेत चुरगळून धक्का पोटात घेण्यासाठी केलेला असतो, आणि दोन दारांमधला खांब मुळीच वाकू नये म्हणून अतिकठीण पोलादाचा. हा खांब गॅसच्या ज्योतीने तापवला की त्याचा कठीणपणा जातो. वरून काही दिसत नाही. लांबी भरावी, रंग मारावा, मोटार आरशासारखी चमकते. पुढच्या धडकेला मात्र खांब आत बसलेल्या माणसाच्या अंगावर दुमडतो. म्हणून तो सरळ करायचा नाही. कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवा जोडायचा.

मिस्त्रींचा मुलगा हे मला भराभर सांगत होता. त्याच्या हातचे दार मी पाहिले. माप अचूक होते, वेल्डिंग स्वच्छ होते. तळहात फिरवला तेव्हा मला काही लागले नाही. निदेशकांना लागले. “वडिलांकडे जा आणि कान उसना आण,” ते म्हणाले.

पुढे एका रविवारी मी पुन्हा त्या बोळात गेलो. मुलगा वडिलांच्या हाताखाली होता. नाकावर मुखवटा, हातात डॉली. तेवढ्यात एक गृहस्थ मोटार घेऊन आले. चांगले सुशिक्षित, बरोबर कुटुंब, मागच्या काचेपाशी मिठाईचा पुडा. मधला खांब आत गेलेला. मिस्त्रींनी पाहिले, मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “अण्णा, हा तापवायचा नाही.” मिस्त्रींनी नव्या खांबाचा आणि मजुरीचा आकडा सांगितला.

“एवढे कशाला?” गृहस्थ म्हणाले. “गॅस मारा, सरळ करा. रंग दिल्यावर कुणाला कळणार आहे? आम्हांला दिवाळीच्या आत गावी जायचे आहे.”

मिस्त्री ‘नाही’ म्हणाले. गृहस्थांनी आणखी दोनदा विचारले, मग मोटार वळवली आणि शेजारच्या बोळात नेली. थोड्या वेळाने तिकडून गॅस पेटल्याचा फस्सकन आवाज आला. मुलगा दोन पावले तिकडे गेला.

“हातोडी धर,” मिस्त्री म्हणाले. “हे मडगार्ड संध्याकाळी द्यायचे आहे.”