भाताचा गिचका

पडघ्यात पाहुणे कधी पोहोचणार हे आम्ही ठरवत नाही, मुंबई-नाशिक महामार्ग ठरवतो. गोदामांकडे वळणारे कंटेनर रांगेत अडकले की अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागतात. त्या रविवारी मात्र रस्ता मोकळा निघाला. साडेबाराला येणारी मंडळी पावणेबारालाच दारात! आणि आत, गॅसवरच्या टोपात, दोन किलो तांदळाची खळ.

शहापूरकडचे हे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीसाठी घर बघायला आले होते. आईचा उजवा हात दोन आठवडे प्लास्टरमध्ये. 'बाहेरून मागवू' असं मी म्हणून पाहिलं, पण सोयरिकीच्या पहिल्या जेवणाला बाहेरचं अन्न तिला चालणार नव्हतं. मग कामं वाटली. चिकनचा रस्सा बाबांकडे, तांदळाच्या भाकऱ्या शेजारच्या काकूंकडे. मुलाचे आजोबा माळकरी, म्हणून वालाचं बिरडं. वाल आदल्या रात्री सगळ्यांनी बसून सोलले होते. भात मी मागून घेतला. भातात काय बिघडणार?

घरात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. १९७० साली आलेलं हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी घरांत स्वयंपाक शिकवून गेलं. माप म्हटलं की मला धीर येतो. एरवी चौघांच्या भाताला मी एका वाटीला दोन वाट्या पाणी घालतो. वीस माणसं म्हणजे तोच गुणाकार.

चार जणांना चालणारी गोष्ट चारशे जणांना तशीच चालत नाही, हे मी ऑफिसात दर आठवड्याला कुणाला तरी समजावतो. टोपाला ते लागू असेल हे डोक्यात आलं नाही. त्या दोन वाट्यांतलं सगळं पाणी काही तांदूळ पीत नाही. बरंचसं वाफ होऊन जातं. तांदूळ पाचपट केला म्हणून वाफ पाचपट होत नाही. उरलेलं पाणी भातातच मुरतं. त्यात तांदूळ आमच्या शेतातला, दिवाळीनंतर झोडलेला, नवा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो लवकर चिकट होतो. मी झाकण काढलं तेव्हा डाव उभा राहत होता.

आई खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "ढवळू नकोस. टोप मोरीजवळ ठेव, वर ताट झाक. काकूंकडून जुना तांदूळ आण आणि दोन टोपांत लाव. तांदळावर एक पेर पाणी." मी वाटी शोधायला लागलो. "बोट आहे ना?" बोटाचं टोक तांदळाला टेकवून वर एक पेर पाणी. वाटीचं माप तांदळाबरोबर फुगत जातं, पेर तेवढंच राहतं. माझ्या गुणाकारातली चूक तिच्या बोटाने कधीच सुधारलेली होती.

दुसरा भात मोकळा झाला. पंगतीत मुलाच्या आत्याने विचारलं, "भात कोणी केला?" मी फुशारकीने सगळं सांगितलं आणि वर आतून तो पहिला टोपही आणून दाखवला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आजोबांनी तर त्यातला डावभर वाढून घेतला, "दात नाहीत, मला हाच बरा." आत्या म्हणाल्या, "मुलगा असून एवढं करतो, कौतुक आहे हो!" आई हसली नाही.

पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "टोप बाहेर कशाला आणलास?"

"गंमत म्हणून. कोणाला राग आला का?"

बहीण टोप घासत होती. वर न बघता म्हणाली, "दादा, भात माझ्या हातचा असता तर आणला असतास का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

माझी स्वतःची आत्या दर होळीला एक किस्सा सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला आईचं पुरण सैल झालं. डाळीतलं पाणी नीट निथळलं नव्हतं. पोळ्या तव्यावर फुटल्या आणि पाहुणे ताटावर थांबून राहिले. या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. आई त्यानंतर शेकडो पंगतींना पुरून उरली, पण किस्सा तोच. लहानपणापासून मी त्याला हसत आलोय. आई त्या वेळी नेमकी आत काहीतरी आणायला गेलेली असते, हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं.

लग्न ठरलं. साखरपुड्यात मुलाच्या आत्यांनी माझी ओळख 'गिचकेवाला भाऊ' अशी करून दिली. मला ती आवडली. त्या एका टोपावर मी अजून शाबासकी खातोय.

यंदाच्या होळीला आत्याने पुरणाची गोष्ट सुरू केली. मी विचारलं, "त्या दिवशी आईच्या हाताखाली कोण होतं गं?"

आत्या जरा थांबली. "कोण असणार? एकटीच होती."

आई आत गेली नव्हती. तिने आत्याला आणखी एक पोळी वाढली.